बिराजदार मॅडम आणि कडू भोपळा

संगीतातलं मला काही कळत नाही, हे बिराजदार मॅडमनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि लगेच मला जुन्या वाद्यांच्या मेळ्याचा सेक्रेटरी करून टाकलं. माझा समज असा झाला, की त्या माझ्या मराठीवर खूश आहेत. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो, स्नेहसंमेलनात निवेदन करायचो आणि 'सुरांची बरसात' हे शब्द तोंडातून गेल्याशिवाय मला माईक सोडवत नसे. पुढं एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, एवढी माणसं सोडून मलाच का घेतलंत?" हातातली सुतळी गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "कळणाऱ्यांना बोलावलं की भांडणं लागतात सर. तुम्हाला झोप आली का न्हाय, एवढं बघून माझं काम भागतं."

आणि खरोखरच त्यांनी माझा तेवढाच उपयोग केला. मेळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या कलावंतांना एकेकदा वाजवायला लावायचं आणि मला शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसवायचं. माझी मान ज्याच्या वेळी खाली गेली, त्याचं वादन दुसऱ्या दिवशी जेवणाआधी व्हायचं. मान ताठ राहिली, तर जेवणानंतर. मी किती थोर कलावंतांना असं जेवणाआधी ढकललं, हे त्यांना कळलं असतं तर सोलापुरात मला फिरणं अवघड झालं असतं.

मॅडम भूगोल शिकवायच्या. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. वर्गात शुद्ध मराठी, शिक्षकांच्या खोलीत घरचं मराठी आणि रागावल्या की कानडी, अशी वाटणी होती. "सुम्म कुंद्रि" म्हणजे 'गप्प बसा' हे शाळेतल्या यच्चयावत माणसांना येत होतं, मुख्याध्यापकांनाही. बाई बुटक्या, कपाळाला भस्माची रेघ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि उन्हाळा असो की थंडी, काखेत छत्री. चालायच्या अशा भरभर, की त्यांच्याबरोबर चालताना मी नेहमी त्यांच्या छत्रीशीच बोलत असे.

घरात गाणं-वाजवणं कुणाचंच नव्हतं. मॅडमचा स्वतःचा आवाज फळ्यावर खडू घासल्यासारखा होता, हे त्याच सांगायच्या. वाद्यांच्या नादाला त्या लागल्या त्या भूगोलामुळं. मुलांना घेऊन मंगळवेढ्याच्या काळ्या रानात माती दाखवायला गेल्या असताना एका वावरात त्यांना मोठाले भोपळे नुसते पडलेले दिसले. "हे खात का न्हाय कुणी?" म्हणून त्यांनी विचारलं. शेतकरी म्हणाला, "कडू हायती बाई. हे मिरजेला जात्यात. तंबोऱ्याला." त्या दिवसापासून मॅडमच्या लेखी संगीत ही भूगोलाची शाखा झाली. वाद्य म्हणजे शेती, शेळी आणि पाऊस, असं त्या ठामपणे सांगत. मेळ्यात प्रत्येक वाद्याजवळ त्यांच्या अक्षरातला कागद असायचा. त्यावर वाद्य कुणी वाजवलं, कुठला राग त्यावर खुलतो, असलं काही नसायचं. भोपळा मंगळवेढ्याचा, कातडं सांगोल्याच्या शेळीचं, लाकूड अमक्या डोंगरातलं, एवढंच. भिंतीवर एक मोठा नकाशा, आणि त्या त्या गावापासून वाद्यापर्यंत ताणलेले लोकरीचे धागे. सुंदरी वाजवणाऱ्या एका बुजुर्गांना तर हे फारच आवडलं. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण, आमच्या भागातलं वाद्य. ते त्यांच्या धाग्यापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ह्यो माजा."

मेळा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की फेब्रुवारीत भरायचा, शाळेच्या हॉलमध्ये. कारागीर व्हरांड्यात आपापली हत्यारं मांडून बसत, आणि आत वादन चाले. माईक नाही. जुनी वाद्यं जेवढी ऐकू येतात तेवढीच ऐकायची, हा मॅडमचा नियम. पंखेही बंद, कारण पंखा घरघरतो. सोलापूरचा फेब्रुवारी म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. लोक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेऊ लागले, तर मॅडमनी कागद वाजतो म्हणून तेही बंद केलं. माझं निवेदनही माईकशिवाय, त्यामुळं ते पहिल्या दोन रांगांपलीकडं कधी गेलं नाही. लोकांना मेळा आवडण्यामागं हे एक कारण असावं, अशी मला शंका आहे.

सेक्रेटरी या नात्यानं मेळ्याला शिस्त लावायचं मी ठरवलं होतं. पुण्याला एका परिसंवादात मी घंटा पाहून आलो होतो. प्रत्येकाला ठरलेली वेळ, आणि वेळ संपली की घंटा. त्या वर्षी अंबादास गोंधळी संबळ आणि तुणतुण्याचा संच घेऊन आले होते. मी त्यांना 'प्रात्यक्षिक, दहा मिनिटं' असं लिहून दिलं होतं. त्यांनी संबळावर टिपरू टाकलं आणि एकेका गावाच्या देवाला गोंधळाला यायचं आवतण द्यायला सुरुवात केली. दहा मिनिटं झाली, मी घंटा वाजवली. ते चालूच. मी पुन्हा वाजवली, जरा जोरात. अंबादासांनी हात थांबवला आणि अगदी काळजीनं मला विचारलं, "सर, अजून निम्मं देव वाटंवर हायती. त्यास्नी काय सांगू? माघारी जावा म्हणून?"

हॉलमध्ये बायका हात जोडून बसल्या होत्या. मॅडम उठल्या, माझ्या हातातली घंटा घेतली आणि पर्समध्ये टाकली. "घरी आलेल्या पाव्हण्याला घंटा वाजवून उठवता का सर? बोलावलंय तर ओवाळून पाठवायचं." गोंधळ दिवेलागणीपर्यंत चालला. ज्यांचं बीनवादन त्यानंतर व्हायचं होतं ते पाहुणे कलावंत स्वतः दिवटी धरून उभे राहिले आणि आपलं वादन दुसऱ्या दिवशी करू म्हणाले. अंबादास गावांची नावं घेत होते, देव येत होते आणि मॅडम नकाशावर त्या त्या गावाला टाचणी लावत होत्या. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत त्यांनी माझ्याकडूनच छापून घेतलं: 'गोंधळ – संपेल तेव्हा.'

मेळ्यातल्या कुठल्याही वाद्याला कुणीही हात लावावा, हाही मॅडमचाच नियम. भाजीवाली येऊन तंबोऱ्याची तार छेडायची, रिक्षावाले पायपेटीवर पाय मारून बघायचे. कारागिरांची हरकत नसायची. मिरजेचे दस्तगीरचाचा तर म्हणायचे, "हातानं वाद्य बिघडत न्हाय मॅडम, कपाटानं बिघडतं." चाचा दर वर्षी आपले नवे तंबोरे घेऊन यायचे. पण त्यांच्या आजोबांनी केलेला एक तंबोरा होता, तो ते दुकानाबाहेर काढत नसत. मॅडमनी तो मिरजेला पाहिला होता. भोपळा एवढा मोठा, की मॅडमच्या कवेत मावत नव्हता. दर वर्षी त्या मागायच्या आणि दर वर्षी चाचा हसून विषय बदलायचे. शेवटी एकदा ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर आणतो. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर आणला नसता."

तंबोरा आला आणि मला झोप येईना. सेक्रेटरी मी, काही झालं तर जबाबदारी माझी. दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधी मी हॉलवर गेलो, तंबोऱ्याभोवती चार खुर्च्या मांडल्या, त्यांना सुतळी बांधली आणि 'हात लावू नये' अशी पाटी सुवाच्य अक्षरात लिहून टांगली. त्यापूर्वी जी माणसं सहज येऊन तंबोऱ्याला बोट लावून जात होती, ती आता आत असं काय आहे म्हणून सुतळीवर गर्दी करू लागली. मॅडम आल्या. पाटी वाचली. "सर, सोडा ते."

"मॅडम, एवढी मौल्यवान..."

"सोडा."

गाठ पलीकडच्या बाजूला होती. मी ऐटीत सुतळी ओलांडली. एक पाय पलीकडं गेला, दुसरा सुतळीनं धरून ठेवला, आणि मी खुर्च्यांसकट त्या तंबोऱ्यावर गेलो. मला सूर कळत नाहीत, पण तो आवाज कळला.

"लागलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग उठा. तंबोऱ्यावर बसलाय तुम्ही."

त्या मला याहून जास्त काही बोलल्या नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. त्यांनी मला "सुम्म कुंद्रि" म्हटलं असतं तर फार बरं वाटलं असतं. चाचा व्हरांड्यातून आले. त्यांनी खाली बसून भोपळ्याच्या ठिकऱ्या गोळा केल्या, खुर्च्यांखाली हात घालून अगदी बारीक कपचेसुद्धा वेचले आणि उपरण्यात बांधले. दांडी शाबूत होती, भोपळ्यावरची लाकडी तबलीही. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मी तेवढा लहान झालेला कधी ऐकला नव्हता. "चाचा, मी शब्द दिला होता. याला भोपळा मी देते."

"सांधता येईल मॅडम. पण बोलणार न्हाय. आणि एवढा भोपळा आता मिळत न्हाय. लोकांनी डाळिंब लावलं, ऊस लावला. ह्याला कोण वावर देतंय?"

"मिळत न्हाय तर मी लावते. बी द्या."

चाचा उपरणं उचलून व्हरांड्यात गेले. पण जून उजाडता उजाडता मिरजेहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ एक पुडी आली. जुन्या भोपळ्यांची तोंडं कापताना निघालेलं बी होतं. त्याखेरीज निरोप नव्हता. आणि पुढच्या मेळ्याला चाचा आले नाहीत. व्हरांड्यात त्यांच्या जागेवर मॅडमनी चटई टाकून ठेवली होती. दोन दिवस कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही.

तोवर मॅडमना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. छातीचं दुखणं लागलं होतं, डॉक्टरांनी जिना बंद केला होता. घरामागच्या परसात त्यांनी ते बी लावलं. वेल चढला, फुलं आली, पुष्कळ भोपळे लहानपणीच गळाले आणि एक धरला. तो डोक्याएवढा झाला, तेव्हा भाचीच्या लग्नासाठी मॅडमना मैंदर्गीला जावं लागलं. वेल माझ्या हवाली केला. खरं म्हणजे माझा पूर्वेतिहास बघता हे धाडसच होतं, पण रिकामं दुसरं कुणी नव्हतं.

मी पाणी घातलं. रोज घातलं. आणि भिंतीपलीकडच्या अंबक्कांना रोज या भोपळ्याचं महत्त्वही सांगितलं. अंबक्का विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, मनानं फार चांगल्या. माझं भाषण त्या पदराला हात पुसत पूर्ण ऐकून घेत. त्यातल्या 'नादब्रह्म' आणि 'दुर्मीळ वारसा' वगैरेंचं त्यांनी काय केलं कोण जाणे, पण हा भोपळा साधा नाही, फार खास आहे आणि मॅडमचा त्यावर जीव आहे, एवढं मात्र त्यांच्यापर्यंत पक्कं पोचलं. मॅडम परत यायच्या दिवशी, त्या दमून येतील, त्यांना घरचं ताजं खायला मिळावं म्हणून, अंबक्कांनी तो भोपळा तोडला आणि शेंगदाण्याचं कूट घालून त्याची भाजी केली.

मॅडमनी हातपाय धुतले आणि पाटावर बसल्या. मीही होतो, हिशेब द्यायला आल्यासारखा. अंबक्कांनी भाजी वाढली. मी घास तोंडात घातला आणि मोरीकडं पळालो. मॅडमनी त्या फोडीकडं बघितलं, मग परसाकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी घास घेतला, गिळला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय अंबक्का." मग अंबक्कांनी स्वतः चव बघितली आणि त्यांना रडूच कोसळलं. "अय्यो, मॅडम, मी काय करून बसले ओ." मॅडम म्हणाल्या, "कडूच असतो तो. म्हणून तर त्याला कीड लागत न्हाय. पण आता खाऊ नका कुणी, पोट बिघडंल." भाजीचं भांडं घासून, रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात साखर घालून त्यांनी ते परत केलं.

अंबक्का गेल्यावर मात्र त्या वेलाजवळ जाऊन बसल्या. देठ तेवढा राहिला होता, त्याच्यावरून बोट फिरवत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, पुढच्या वर्षी लावू." त्या म्हणाल्या, "लावू की. पण माझ्याकडं फार पावसाळे न्हाईत सर. चाचांनी माझ्या शब्दावर तंबोरा दिला होता." मी तंबोऱ्यावर पडलो तेव्हा मला लाज वाटली होती. त्या संध्याकाळी मला भीती वाटली.

पुढच्या जूनमध्ये उरलेलं बी मंगळवेढ्याला गेलं. दामा नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी तिथं ज्वारी करतो. त्याच्या रानाचा एक कोपरा मॅडमनी मागून घेतला, म्हणजे घेतलाच. मागितल्यासारखं तोंडानं केलं. रविवार आला की आम्ही एसटीनं निघायचो. डॉक्टरांनी जिना बंद केला होता, एसटीचं काही म्हटलं नव्हतं, असा मॅडमचा युक्तिवाद होता. वावरात जाऊन त्या भोपळ्यापाशी बसायच्या. बुडाला ओल लागू नये म्हणून खाली पेंढा, एका अंगाला चपटा होऊ नये म्हणून हळूच फिरवणं. मला फक्त छत्री धरायची परवानगी होती, तीही दोन हात लांबून. एकदा दामा म्हणाला, "मॅडम, शाळंत माझ्याकडं एवढं ध्यान दिलं असतं, तर मी कलेक्टर झालो असतो की."

"झाला असतास तर मी भोपळा कुठं लावला असता?" मॅडम म्हणाल्या.

थंडीत वेल वाळला. भोपळा मोठा झाला होता, लई मोठा. मॅडमच्या कवेत मावत नव्हता. त्या वर्षीच्या मेळ्यातही चाचांची चटई रिकामीच राहिली, आणि मेळा संपल्यावर आम्ही मिरजेला निघालो. मंगळवेढ्याला दामानं चादरीत गुंडाळलेला भोपळा मॅडमच्या हातात दिला. कंडक्टर म्हणाला, "बाई, लगेज वर टाका." मॅडम म्हणाल्या, "हे लगेज न्हाय," आणि तो मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. मी शेजारी बसू लागलो तर म्हणाल्या, "सर, तुम्ही तिकडच्या सीटवर." मी तिकडच्या सीटवर बसलो. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

चाचा दुकानातच होते. त्यांनी चादर सोडली, भोपळा फिरवून फिरवून बघितला, बोटाच्या पेरानं इथं तिथं वाजवला, कान लावला. कोपऱ्यात ती जुनी दांडी उभी होती. तिच्या गळ्याशी भोपळा धरून बघितला. "बसतोय," ते म्हणाले. मॅडमनी श्वास सोडला तो मलाही ऐकू आला. मग चाचा म्हणाले, "पर अजून वाळायला पायजे मॅडम. दोन उन्हाळे टांगावा लागंल."

मॅडमनी विचारलं, "एका उन्हाळ्यात न्हाय व्हायचं?"

"व्हईल. पर मग आजोबांच्या आवाजाचा न्हाय व्हायचा."

"मग टांगा," मॅडम म्हणाल्या. चाचांनी स्टुलावर चढून भोपळा आढ्याला बांधला. मॅडम खालून बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "पुढच्या मेळ्याला या चाचा. चटई टाकलेली असते."

"रिकाम्या हातानं येऊ?"

"या रिकाम्या हातानं."

त्याच पावसाळ्यात मॅडम गेल्या. फेब्रुवारीत चाचा रिकाम्या हातानं आले आणि दोन्ही दिवस त्या चटईवर बसून राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी तंबोरा घेऊन आले. त्याच्या जवळच्या कागदावर मी लिहिलं, 'भोपळा मंगळवेढ्याचा,' आणि धागा ताणला. अंबक्का पहिल्यांदा पुढं झाल्या आणि त्यांनी तार छेडली. तंबोरा कसा बोलला ते मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. चाचा डोळे पुसत होते, एवढं मी बघितलं.

मला मॅडम दिसतात त्या मिरजेहून परत येतानाच्या बसमध्ये. सांगोला मागं पडलं आणि त्यांना झोप लागली. मान खिडकीला टेकली होती, पण दोन्ही हात रिकाम्या मांडीवर तसेच गोल धरलेले. रस्ता खराब होता. खड्डा आला की झोपेतच ते हात थोडे वर उचलले जायचे आणि गाडी सावरली की पुन्हा खाली यायचे. मी इकडच्या सीटवरून बराच वेळ बघत राहिलो. मग उठलो, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि पुढचा खड्डा आला तेव्हा त्यांच्या हातांखाली माझेही हात धरले.